चौघांचा गुरुवार

किस्से म्हणजे वर्कशॉपमधलं स्क्रॅप, राव! सकाळी झाडून काढा, संध्याकाळी मशीनखाली परत ढीग. त्यात आम्ही चौघं एका टेबलाला बसायला लागल्यापासून तर झाडूच पुरेना!

*

आमच्या एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी. त्या दिवशी महाळुंग्यात एका हॉटेलात आमची बैठक. मी, वॉशर ठोकणारा प्रेसवाला. दिलीप कांबळे टूलरूमवाला, साचे-हत्यारं बनवणारा. वडील कंपनीत शिफ्ट करायचे, पोरगा मालक झाला. सुलभाताई पावडर कोटिंगवाल्या. आणि ज्ञानोबा, इथलाच गाववाला, ब्रॅकेटला भोकं पाडून कंपनीला देतो.

टूम दिलीपची. "याला मास्टरमाइंड ग्रुप म्हणतात, अण्णा. अडचण खरी सांगायची, उपायही खरा सांगायचा."

"मग चारच जण का?"

"पाचवा आला की सभा होते. हारतुरे लागतात!"

घरी सांगितलं तर बायको दचकली. "या वयात दरोडा?"

*

पहिले तीन गुरुवार अडचण कुणालाच नाही! "काय म्हणतो धंदा?" "वन नंबर!" चौघंही वन नंबर. संपत होती ती फक्त भजी.

चौथ्या गुरुवारी सुलभाताई एकदम म्हणाल्या, "माझ्याकडं माणसं टिकत नाहीत. मी फार ओरडते."

इतकं खरं कुणी बोलतं का? मी म्हटलं, "ताई, ते निगडीपर्यंत ऐकू येतं!"

दिलीप हसला नाही. "ताई, सकाळचा चहा होईपर्यंत कुणाला एक शब्द बोलू नका. बस."

महिन्याभरात सोडून गेलेले दोघं परत आले! मी हाच उपाय घरी बायकोला सुचवला. त्या दिवशी चहाच मिळाला नाही.

*

ज्ञानोबाचं मात्र अजून वन नंबरच चाललेलं. म्हटलं, गंमत करू. एका कामगाराच्या फोनवरून, तोंडाला रुमाल लावून फोन केला, "हॅलो, कंपनी से, क्वालिटी से बोल रहा हूँ. कल ऑडिट को आ रहे हैं."

वाटलं, घाबरून शिव्या देईल. तो रडकुंडीला आला! "साहेब, नगा येऊ. दोन लॉट तुमी परत पाठवले, तिसरा बी तसाच निघालाय. ऑर्डर गेली तर माझी बारा माणसं कुठं जातील?"

मी लगेच रुमाल काढला. "ज्ञानोबा, मी अण्णा."

मग ज्या शिव्या आल्या, त्या मी मुकाट्यानं ऐकल्या. माझ्याही आठवणीत पहिल्यांदाच!

*

गुरुवारी त्यानं आम्हाला शेडमध्ये नेलं. सुट्टी असून ऑपरेटरलाही बोलावून घेतलं होतं. इतकी वर्षं या माणसानं मला दारातून पुढं येऊ दिलं नव्हतं. त्याच्यासारखे ब्रॅकेट एके काळी मीही करायचो ना! पूजेपुरतं तेवढं आत घ्यायचा, ते पण समोर उभं राहून.

दिलीपनं ड्रिल तपासलं, मशीन तपासलं. सगळं ठीक. आणि भोक तरी केसभर सरकलेलं! तास गेला, दोन तास गेले. ज्ञानोबा खाली बसला.

सुलभाताईंच्या धंद्यात जॉबवर, म्हणजे हातातल्या मालावर, बोटाचा डाग चालत नाही. त्यांनी जॉब धरून ठेवणाऱ्या फिक्श्चरच्या कोपऱ्यात नख घातलं. "हे लाल काय?"

हळदीकुंकू! खंडेनवमीच्या पूजेचं. ऑइल पिऊन खड्यासारखं कडक झालेलं. जॉब रोज त्याला टेकायचा, म्हणून केसभर तिरका!

"आरं, दिसलं न्हाई व्हय?" ज्ञानोबा ओरडला.

ऑपरेटर म्हणाला, "दिसत होतं, शेठ. पण देवाचं कुंकू पुसायचं कसं?"

ताईंनी हात जोडले आणि खरवडून काढलं. नवीन जॉब लावला. भोक बरोब्बर! दुसरा, तिसरा, दहावा, सगळे ओके! ज्ञानोबानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

*

मग तो गरजला, "फिक्श्चरवर कुंकू लावलं कुणी?"

ऑपरेटरनं मान खाली घालून माझ्याकडं बोट केलं. "अण्णांनी. वडीलधारे म्हणून मान त्यांनाच दिला होता."

आई शप्पथ सांगतो, जन्मात खोडी न काढता, मनापासून केलेली ती एकच गोष्ट! दिलीपचा यावर विश्वास नाही. ताईंचाही नाही.

ज्ञानोबा जवळ आला. माझा उजवा हात धरला, अंगठा उलटसुलट निरखला. म्हटलं, आता पिरगाळतो!

तो कानाशी येऊन हळूच म्हणाला, "अण्णा, माझी ऑर्डर वढायला टपलेला एक चुलतभाऊ हाय. सोमवारी त्याच्या नव्या मशीनची पूजा हाय. जाता का?"