अरुंद जागेचं जर्मन नाव

लातुरात शिकवणीच्या पोरींना डबे देणारी जाहिदाबी पक्क्या घरात झोपत नाही. मुलाने हौसेने स्लॅब टाकला, तरी ही अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. त्र्याण्णवच्या भूकंपात पहाटे दगडमातीची भिंत अंगावर आली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. गुडघे पोटाशी, कोपर छातीत, दुपारपर्यंत तशीच. तेव्हापासून डोक्यावर पत्राच पाहिजे आणि दाराला कडी नको. सून म्हणते, चोर आला म्हणजे? ही म्हणते, येऊ दे की, बिचाऱ्याला परत जायला तरी वाट राहील.

तिच्याकडे खोली घेऊन राहिलेली धम्मप्रिया हिमायतनगरची. डॉक्टर व्हायला आलेली. बाप आनंदराज, शाळेत गुरुजी. पोरगी लई हुशार, पण दिवाळीपासून छाती आवळते म्हणू लागली. दवाखान्यात तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. गुरुजींनी फोनवर निकाल लावला: अभ्यासात मन नाही म्हणून होतंय, अभ्यासिकेत केबिन घेऊ. प्लायवूडची केबिन, दार ओढलं की बाहेरचं काही दिसत नाही. यालाच हल्ली सोय म्हणतात. रविवारी ते बघायला येणार होते.

शनिवारी जाहिदाबी भाकरी थापत होती. पोरगी डिक्शनरी घेऊन शेजारी बसली. इंग्रजीच्या उताऱ्यात तिला एक शब्द भेटला होता, अँग्स्ट. मूळचा जर्मन लोकांचा. त्यांच्यात त्याचा अर्थ साधी भीती. कुत्र्याची म्हणा, परीक्षेची म्हणा. इंग्रजीत गेला आणि जड झाला. कशाची ते सांगता येत नाही, पण आत ठाण मांडून बसते, ती भीती. जाहिदाबीला वाटलं, लेकी सासरी गेल्यावर होतं तसंच झालं की याचं.

"आणि चाची, त्याच्याही मागे गेलं ना, तर मुळात अर्थ हाय अरुंद. आवळलेलं."

जाहिदाबीचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली. आत कसं वाटलं, असं तीस वर्षं लोक विचारत आले आणि तिला सांगता आलं नाही. कुण्या जर्मनाला बरं ठाऊक होतं.

"बापाला सांगितलंस हे?"

"ते म्हणतील, बरं झालं, एक शब्द पाठ झाला."

रविवारी जाहिदाबी न बोलावता सोबत गेली. केबिनपाशी पोरीला मागे सारून आधी आपण खुर्चीत बसली आणि गुरुजींना म्हणाली, दार ओढा. गुरुजींना वाटलं, म्हातारीला हौस. त्यांनी ओढलं. थोड्या वेळाने उघडलं तर तिचा पदर घामाने चिंब, ओठ पांढरे.

"गुरुजी, मी भिंतीखाली होते तेव्हा बाहेरची माणसं मला काढून राहिली होती," ती म्हणाली. "हिला तर आपणच आत घालून राहिलो."

गुरुजींनी लेकीकडे पाहिलं. "पप्पा, मला भीती वाटते," ती म्हणाली. "कशाची, ते विचारू नका."

त्यांनी विचारलं नाही. केबिन घेतली नाही. पण घरी चल, असंही तोंडातून निघेना. गावभर तिला आधीच डॉक्टरीणबाई म्हणून झालं होतं. स्टँडवर म्हणाले, परीक्षा तेवढी दे, पुढचं तू सांगशील तसं.

"आणि मधेच यावंसं वाटलं तर?"

गुरुजींनी आपल्या बसची पाटी वाचली. बस सुटायला झाली तेव्हा म्हणाले, "फोन कर. न्यायला येईन."

 नंबर तिला पाठ होताच, तरी त्यांनी तो तिच्या वहीत लिहून दिला.