टाकीवरचं मेव्हण्याचं नाव

येडगावच्या रामदासचं काम कालव्याचं पाणी सोडायचं, पण त्याला नुसतं 'पाटकरी' म्हणून कुणी कधी हाक मारली नाही. ज्या राजदूतवरून तो कालव्याकाठानं हिंडायचा, तिच्या लाल टाकीवर रेडियमची पिवळी ठसठशीत अक्षरं होती: 'भाऊबीज भेट – सावळेराम'. सावळेराम म्हणजे त्याच्या बायकोचा, इंद्रायणीचा, थोरला भाऊ; राहायला आळे गावात. एका वर्षी कांद्याला चांगला भाव लागला आणि या गड्यानं बहिणीच्या ओवाळणीच्या ताटात मोटारसायकलची चावीच टाकली. वर हौसेनं टाकीवर नावही लावून आणलं. झालं! रामदास दिसला की बांधावरून हाक यायची, "आला रं, मेव्हण्याचा पाटकरी आला!"

रामदास वरवर हसायचा आणि आतून जळायचा. अक्षरं काढावीत तर इंद्रायणीला काय सांगणार? यातच निम्मं आयुष्य गेलं. तो रिटायर झाला, तरी नाव काही सुटलं नाही.

यंदा दिवाळीनंतर आळेफाट्यावर जुन्या गाड्यांचा मेळावा ठरला आणि त्याला आयतं निमित्त सापडलं. दिवाळीच्या पाडव्याला सकाळीच त्यानं गाडी अंगणात घेतली, गरम पाण्याचं फडकं अक्षरांवर दाबून धरलं आणि नखानं कडा उचलायला लागला.

"अवं, दादाचं नाव काढताय व्हय?" इंद्रायणीनं विचारलं.

"मेळाव्याचा नियमच हाय तसा. गाडी कोरी लागती."

असला कसलाही नियम नव्हता. ती बिचारी आत गेली आणि आणखी गरम पाणी घेऊन आली. ते भांडं हातात घेताना रामदासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी हात थांबला नाही.

अक्षरं तुकड्यातुकड्यानं निघाली. चिकटा पेट्रोलनं पुसला. बघतो तर उन्हानं टाकी विटलेली, पण अक्षरांखालचा रंग लालभडक राहिलेला! सावळेरामचं नाव तसंच्या तसं वाचता येत होतं. रामदासनं दुपारपर्यंत पॉलिश घासलं. नाव पुसट झालं, गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सावळेराम भाऊबीजेला आला. त्यानं टाकी पाहिली. रामदास नियमाचं सांगायला तोंड उघडणार, तोच सावळेराम म्हणाला, "बरं केलं दाजी. चूक माझीच व्हती. ओवाळणी बहिणीच्या ताटात घालायची असती, चारचौघांत मिरवायची नसती. लोक तुमाला काय काय बोलायचे, ते माज्या कानावर यायचं. लई लाज वाटायची, पर बोलायचं धाडस न्हाई झालं."

रामदासची मान खाली गेली. त्याला वाटलं, यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ओवाळून झालं, जेवणं झाली. सावळेराम पिशवी उचलून चालत एसटीकडे निघाला, दरवर्षी निघायचा तसाच. आणि रामदासला एकदम जाणवलं, लोक हसतील म्हणून आपण या माणसाला एकदाही या गाडीवर बसवून एसटीपर्यंत सोडलं नाही.

"थांबा पावणं," तो कसाबसा म्हणाला, "सोडतो."

सावळेराम संकोचून मागं बसला. गाडी कालव्याच्या रस्त्याला लागली, तसा हरखून म्हणाला, "पैल्यांदाच बसतोय राव हिच्यावर. लई झ्याक चालती की!"

आपलं तोंड पुढं आहे, सावळेरामला दिसत नाही, एवढंच रामदासला बरं वाटलं.