खोडू न दिलेला अंदाज

वाघमोडे सरांची आणि माझी ओळख संशयातून झाली. चौसाळ्यात माझं हार्डवेअरचं दुकान. डोक्यावर टोपली घेऊन खिळे विकण्यापासून उभं केलेलं. एके सकाळी म्हाळाप्पा शेळीवाले माझ्याकडून नेलेले, आता गंजलेले खिळे घेऊन आले. वाडग्याचं, म्हणजे शेळ्यांच्या कोंडवाड्याचं, दार निखळून त्यांच्या शेळ्या पळाल्या होत्या.

"इस्माईलभाई, तुमचा माल खोटा हाय. घराच्या दाराला तलवाड्याच्या दुकानातले खिळे मारलेत, ते ठणठणीत हायेत."

अशी गोष्ट बाजारात फिरली की दुकान बसतं. सर तिथंच उभे होते; ते गावच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. म्हणाले, "दोन्हीकडचे नवे खिळे द्या. वर्ग तपासंल."

मला वाटलं, हे तलवाड्याच्या दुकानदाराचे पाहुणे असणार. म्हणून देताना माझ्या खिळ्यांवर हळूच तेलाचा हात फिरवला.

सरांचा नेम असा, की आधी अंदाज कारणासह लिहायचा. चुकला तरी खोडायचा नाही. मी वर्गाच्या खिडकीशी कान देऊन होतो. एक मुलगी म्हणाली, "चाचांचेच गंजणार, सर. सगळं गाव म्हणतंय."

"गाव म्हणतंय, हे कारण न्हाई," सर म्हणाले. मग खिळा घेऊन बाहेर आले. "इस्माईलभाई, हे लई चमकतेत. कावून?"

मी तेलकट बोटं सदऱ्याला पुसली.

"एकच पैलवान तेल लावून उतरला, तर ती कुस्ती न्हाई."

सगळे खिळे साबणानं धुऊन पॉलिश पेपरनं घासले गेले. सारख्या मापाचे खिळे, चार ग्लास. दोनांत बोअरचं पाणी. दोनांत त्याच पाण्यात वाडग्याच्या दाराशी ठेवलेलं मीठ, शेळ्या चाटतात ते. प्रत्येक पाण्यात एका ग्लासात माझे, एकात तलवाड्याचे. आठवड्यानं पाहिलं, तर मिठाच्या पाण्यात दोघांचेही सारखेच गंजले होते, साध्यात दोघांचेही कमी.

म्हाळाप्पांनी मिठाचे खडे दारापासून हलवले. माझं दुकान वाचलं.

तेलाची गोष्ट सर कधीतरी बाहेर काढणार, शाळेला काहीतरी फुकट मागताना तरी, म्हणून मी कित्येक वर्षं त्यांच्यावर नजर ठेवली. त्यांनी ती कुणालाच सांगितली नाही. त्यांच्या पंच्याहत्तरीला आज मीच सांगतो.

सर निरोगी राहून शंभरी पार करतील, हा माझा अंदाज. कारण, माणूस घासूनपुसून लख्ख आहे, वर तेल नाही. लिहून ठेवला आहे, खोडणार नाही. तपासायला त्या दिवशी सरांनी स्वतः दुकानात यावं.