पाटावरचं माहेर

मेघाचा फोन आला तेव्हा मी लालबागच्या बाजारात तिच्या बाबांसाठी, माझ्या मित्रासाठीच, गेरू घेत उभा होतो. तिचा आवाज ऐकताच मी विचारलं, "वहिनी?" ती म्हणाली, "नाही काका. बाबा." दुकानदाराने पुडी पुढे केली, ती मी घेतलीही. दाढी करायला खाली उतरलेला धडधाकट माणूस सलूनच्या खुर्चीतच मान टाकतो, हे कसं खरं मानायचं? महिना उलटला, माझा अजून विश्वास बसत नाही. वर रागही येतो. मधू, असं न सांगता जातात का रे?

खरं सांगायचं तर आम्ही सगळे भलत्याच माणसाच्या तयारीत होतो. शैलावहिनींना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, आणि चाळीतल्या तिसऱ्या मजल्यावरची कॉट हेच त्यांचं जग झालं. परळच्या इस्पितळात दोनदा न्यावं लागलं, दोन्ही वेळा आम्ही मधूला धीर द्यायला जमलो. तो मात्र टुणटुणीत. मी जिन्यात धापा टाकत असलो की वरून ओरडायचा, "ये ना रे लवकर, गाडी सुटेल!"

ही गाडी म्हणजे करंगळीएवढ्या रुंद रुळांवरून धावणारी, खेळण्यातली आगगाडी. वहिनींच्या माहेरच्या घरासमोरून रेल्वे जाते. दर मे महिन्यात त्या तिकडे जायच्या, आजारपणात ते सुटलं. तेव्हा मधूच्या डोक्यात आलं की माहेरच इथे आणायचं. मोठ्या फळीला खोलीत जागा नाही आणि पुन्हा इस्पितळात जावं लागलं तर उचलून नेता आलं पाहिजे, म्हणून त्याने घरातला जेवायचा पाट घेतला. मला आधी चीडच आली. बायको अंथरुणाला खिळलेली आणि हा आगगाडी खेळतोय! पण आठवडाभरात मीही त्याच्यासोबत फतकल मारून खराट्याच्या हिरांचे माड करायला लागलो. वळणं इतकी आवळ की इंजिनाला दोनच डबे चालायचे, तिसरा लावला की गाडी आडवी.

गाव सुरेख झालं. मधूने मोठ्या कौतुकाने पाट कॉटशेजारच्या स्टुलावर ठेवला. वहिनी कुशीवर वळल्या, बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "मला नुसती पाटाची कड दिसते हो." आम्ही दोन घोडे वरून बघून गाव रचत होतो. झोपलेल्या माणसाला त्यातलं काय दिसेल, हे एकालाही सुचलं नव्हतं!

मधूने सगळं उखडलं. मग एकेक माड लावून झाला की हा फरशीवर आडवा, गाल टेकून, एक डोळा मिटून. रूळ पुढच्या कडेला आणले, घर मागे गेरूने रंगवलेल्या उंचवट्यावर नेलं. वहिनींना जे दिसणार नाही ते करायचंच नाही, असा नेम. त्यामुळे घराला पुढची भिंत आहे, मागची नाही, आणि वरून पाहिलं तर अर्धं छप्पर गायब. कॉटवरून हुकूम सुटायचे, "फणस डावीकडे... खळं एवढंसं नव्हतं आमचं." याने एकदाही वाद घातला नाही. रोज संध्याकाळी चहा झाला की तो गाडी फिरवायचा आणि त्या उशीवरून बघायच्या.

तेराव्याला गुरुजींनी पाट मागितला. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. गावाहून आलेल्या पुतण्याने कपाटावरून हाच पाट खाली ओढला आणि चकित होऊन म्हणाला, "ह्यां काय? काकांचा अर्ध्यारच ऱ्हवला वाटता. खरवडून काढू?"

"हात लावू नकोस त्याला!" वहिनी अशा ओरडल्या की पुतण्याने पाट होता तिथे परत ठेवला. तोवर त्या ना रडल्या होत्या, ना धड बोलल्या होत्या. शेजारून दुसरा पाट आला आणि विधी पार पडले.

माणसं पांगल्यावर त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, गाडी लावा." मी पाट स्टुलावर ठेवला, वायर जोडली, वेग कमीजास्त करायच्या बटणाला हात घातला.

"तुम्ही नका. मला द्या."

"वहिनी, येतं तुम्हाला?"

"कसं येणार? मागितलं की म्हणायचे, तुला कशाला त्रास, मी आहे ना."

मी बटणाची डबी त्यांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी बटण एकदम शेवटपर्यंत फिरवलं. गाडी उधळली आणि पहिल्याच वळणावर कलंडली. मी ती उचलून रुळावर ठेवली, पुन्हा तेच.

"मी आहे ना म्हणे..." वहिनी म्हणाल्या, आणि त्यांना हुंदका फुटला. केवढ्यांदा रडल्या! मेघा आतून धावत आली. मी वायर काढायला वाकलो.

"काढू नका," त्या रडता रडताच म्हणाल्या. "ठेवा परत रुळावर. आता हळू फिरवते."