सन्नू सांगायचा ती फिल्म

फिल्म फिरवणाऱ्या माणसाला फिल्मा फारशा आठवत नाहीत. आठवतात ती समोर बसलेली माणसं. एकच कॅसेट दहा गावांत लावा, दहा वेगळे किस्से होतात. आपल्याला काही करावं लागत नाही. बटण दाबायचं आणि बाजूला बसायचं! माझ्याकडे असे बरेच साचले. दुकान बंद केल्यावर दिवसाचं थोडंफार लिहून ठेवायची सवय होती, म्हणून टिकले. सगळेच हसण्यासारखे नाहीत, हे आधीच सांगतो.

नव्वदनंतरची ती वर्षं. गडचिरोलीत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. शेजारी बंडूभाऊंची व्हिडिओ लायब्ररी. बंडूभाऊ मूळचे ब्रह्मपुरीचे, गडी बोलका. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि जनरेटर जीपमध्ये घालून ते एटापल्लीकडच्या गावांत फिल्म दाखवायचे. त्या रस्त्यावर गचके खाऊन सेट हमखास बिघडायचा, म्हणून मी सोबत. आणि सामान उचलायला सन्नू. सन्नू तिकडचाच, माडिया गोंड. घर तिकडे, म्हातारी माय तिकडे.

अंधार पडायच्या आत गाव सोडायचं, हा आमचा नियम होता. जंगलात एका बाजूला पोलीस, दुसऱ्या बाजूला बंदूकवाले. मधे आपली जीप कशाला? म्हणून आमचा शो भरदुपारी. गोटूल म्हणजे गावाचं एकत्र बसायचं मोठं छप्पर. त्याला चहूबाजूंनी ताडपत्र्या बांधल्या की झालं थेटर!

चालायच्या त्या जासूसांच्या विनोदी फिल्मा. काही हिंदी, काही इंग्रजीतून हिंदीत डब केलेल्या. कारण साधं होतं. बोलणं कळलं नाही तरी पडणं सगळ्यांना कळतं.

* * *

पण सगळं काही पडण्यावर भागत नाही. पहिल्याच गावात लोक विचारू लागले, हा सुटातला माणूस कोण? हिंदी कोणालाच येत नव्हती. बंडूभाऊ सन्नूला म्हणाले, "सांग ना बे तुह्या भाषेत. जासूस आहे म्हना. सरकारचा खबरी."

सन्नूने हात पुढे करून आधी टीव्हीचा आवाज बंद केला.

"भाऊ, हा शब्द इथी नाई बोलत."

"काऊन?"

"ज्याच्यावर हा शब्द पडते, तो मानूस मंग दिसत नाई."

बंडूभाऊंनी मागे वळून ताडपत्र्या नीट बांधल्या आहेत का ते पाहिलं. 

मग सन्नू टीव्हीशेजारी मांडी घालून बसला आणि गोंडीत सांगायला लागला. त्या दिवसापासून ती त्याची जागाच झाली. काय सांगतो ते आम्हाला कळायचं नाही. परतीच्या वाटेवर जीपमध्ये तो आम्हाला सगळं सांगायचा, लोक काय बोलले तेही. त्या दिवशी त्याने सांगितलं होतं, की या माणसाचा बैल हरवला आहे आणि तो बैल शोधत फिरतो आहे. बस्स! मग हीरो खिडकीतून उडी मारो, विमानातून पडो, नाहीतर खोटी मिशी लावो. लोकांना सगळं पटत होतं. बैल हरवल्यावर माणूस काय काय करत नाही?

शेवटी हीरोने हिरॉईनला मिठी मारली. पडदा काळा झाला. एक म्हातारा उठेना.

"अन् बैल?" तो म्हणाला.

"सापडला ना, बाबा!" सन्नू म्हणाला. "घरी बांधून आला, तवा तर इतका खूश आहे!"

* * *

एका फिल्ममध्ये जासूस जंगलात सापडतो. तिथे पानं गुंडाळलेली, तोंडाला चुना फासलेली, डोक्यात हाडं खोवलेली माणसं. भलीमोठी गंज, म्हणजे आमच्याकडचं पातेलं, चुलीवर चढवलेली, तीत जासूस बसवलेला, आणि ही माणसं भोवती हू हू करत नाचताहेत. शहरात या जागेला थेटर डोक्यावर घेतात.

गोटूलमध्ये एकही जण हसला नाही. शो सन्नूच्याच गावात होता आणि समोर त्याची माय बसली होती. तिनेच विचारलं, "हे कोन लोक होत?"

मी सन्नूकडे पाहिलं. त्याने जराही वेळ घेतला नाही.

"हे मुंबईचे लोक होत, माय."

गोटूलभर चुकचुकाट झाला. एक बाई म्हणाली, "बिचारे. कपडे बी नाई भेटत का तिकडं?" दुसरी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "कपड्याचं सोड. यायले नाचता बी येत नाई!"

* * *

हीच कॅसेट आम्ही गडचिरोलीत एका सरकारी कॉलनीतही लावली. एका साहेबांच्या मुलीचा वाढदिवस होता. तिथे सांगणाऱ्याची गरज नव्हती. सन्नू भिंतीला टेकून उभा होता.

गंजीचा सीन आला आणि हसून हसून लोकांच्या हातातल्या प्लेटा हलायला लागल्या. साहेब चांगला माणूस होता, हे मुद्दाम लिहितो. सन्नूला त्यांनी स्वतः उठून केक आणून दिला होता. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "काय सन्नू, तुमच्याकडे असंच असतं का रे?"

सन्नू केक खात होता. घास गिळून म्हणाला, "नाई साहेब. इतकी मोठी गंज कुठी भेटते? आमी तुकडे करूनच शिजवतो."

साहेब खदखदून हसले. आणखी दोघे-तिघे हसले. साहेबांच्या बायकोने मात्र मुलीला हात धरून जवळ ओढलं.

परत निघताना सन्नूने टीव्ही जीपमध्ये चढवला. मग म्हणाला, "मी मजाक केली, भाऊ. बाईले खरंच वाटलं."

* * *

आता आमच्या घरचा किस्सा. एका मराठी फिल्ममध्ये जासूसाच्या हाताखाली एक बावळट हवालदार होता. तो आमच्यासारखा बोलायचा. "मी दरवाजा उघडून राह्यलो ना साहेब!" म्हणायचा आणि दरवाज्यावर आपटायचा. बाकी सगळे शुद्ध बोलणारे. बंडूभाऊंची ती सगळ्यात आवडती फिल्म! हवालदाराचं प्रत्येक वाक्य पाठ. गिऱ्हाईक आलं की म्हणून दाखवायचे.

एकदा सन्नूने विचारलं, "बंडूभाऊ, हीरो काऊन नाई असा बोलत?"

"अबे, हीरो असा बोलला तर त्याले कोन हीरो म्हनन?"

सन्नूने मान हलवली. समजल्यासारखी.

पुढच्या महिन्यात बंडूभाऊ कॅसेटी आणायला पुण्याला गेले. दुकानदाराला म्हणाले, "नव्या फिल्मा पाहून राह्यलो, दाखवा बरं." दुकानदाराचे डोळे चमकले. त्याने आतल्या खोलीतून दोन नोकरांना हाक मारली. "अरे, बाहेर या! तो हवालदार आलाय. बोला ना काका, अजून थोडं बोला!"

बंडूभाऊ रिकाम्या पिशवीने परत आले. ती फिल्म त्यांनी पुन्हा लावली नाही. आणि पुण्याला फोन लावायचा झाला, की ते हिंदीत बोलायचे. शेवटपर्यंत!

* * *

हा शेवटचा किस्सा घडला तेव्हा आम्हाला त्यातलं काही हसण्यासारखं वाटलं नव्हतं.

सन्नूच्या शेजारच्या गावातून पोलिसांनी दोघांना चौकशीला नेलं. चार दिवसांनी सोडलं, पण गावागावांत एकच प्रश्न उरला. यांचं नाव सांगितलं कोणी? गावोगाव फिरतो कोण? सगळ्यांशी बोलतो कोण? शहरात साहेबांच्या घरी उठबस कोणाची? बोट सन्नूकडे वळायला वेळ लागला नाही.

त्यात एक नवे गुरुजी त्याच्या गावच्या शाळेवर आले होते. दूरच्या तालुक्यातले, पण गोंडी बोलणारे, आणि हिंदी पक्की. त्यांनी आमचा एक शो पाहिला आणि सहज, हसत हसत म्हणाले, की सन्नू सांगतो त्यातलं एक अक्षरही फिल्ममध्ये नाही. सगळं खोटं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण जो आपल्याशी इतकं खोटं बोलतो, तो दुसरीकडे जाऊन काय बोलत असेल?

सन्नूच्या गावाचा निरोप आला. ती गंजीवाली फिल्म घेऊन या. सन्नूने सांगायची, गुरुजींनी शेजारी बसून ऐकायचं.

बंडूभाऊंनी सन्नूचा दंड धरला. "नोको जाऊ बाप्पा. इथीच राय. दुकानात झोप, मी आहो ना."

"माय तिकडं आहे, भाऊ. नाई गेलो, तर तो शब्द माह्यावर पक्का होते. मंग मायनं कुठी जावं?"

आम्ही तिघंही गेलो. 

गोटूल भरलं होतं. ताडपत्र्या गावानेच बांधून ठेवल्या होत्या. पुढे भूमिया बसला होता. भूमिया म्हणजे गावाचा जुना, मानाचा माणूस. त्याचा शब्द तो गावाचा शब्द. सन्नूची माय नेहमीच्या जागी. गुरुजींना सन्नूशेजारी बसवलं होतं. त्यांचा चेहरा उतरला होता. आपल्या एका वाक्याने काय झालं ते त्यांना एव्हाना कळलं असावं. माझ्याकडे सरकून ते हळूच म्हणाले, "कोण काय म्हणते ते मी सांगतो तुम्हाला."

मी बटण दाबलं.

सन्नूने खरं सांगायला सुरुवात केली. हिंदीत एक वाक्य झालं, की त्याचं गोंडीत एक वाक्य. ना कमी, ना जास्त. प्रत्येक वाक्याला भूमिया गुरुजींकडे पाही, आणि गुरुजी मान हलवत.

जंगल आलं. पानं गुंडाळलेली माणसं आली. सुटातला जासूस त्याच्या दोस्ताला हिंदीत म्हणाला, "ये इन्सान नहीं, जानवर हैं." सन्नूने ते सांगितलं. कोण आहेत ही माणसं, तेही सांगितलं. या वेळी मुंबईचं नाव घेतलं नाही.

भूमियाने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींची मान खाली होती.

"बरोबर आहे का?"

"बरोबर आहे," गुरुजी म्हणाले.

मग त्या माणसांतला एक, आरशाच्या तुकड्यासाठी आणि दारूच्या बाटलीसाठी, जासूसाचा ठावठिकाणा दुश्मनाला सांगून टाकतो. त्याला फिल्ममध्ये नाव नाही. सगळे त्याच्यावर हसतात. इथे सन्नू थांबला. मला वाटलं, आता थांबला तो थांबला. पण त्याने तो शब्दही उच्चारला. खबरी.  तो माणूस नाचता नाचता गंजीत पडला, फिल्ममध्ये पुन्हा हशा झाला, आणि तो हशा संपेपर्यंत सगळ्यांना ऐकावा लागला.

फिल्म संपली. माझा हात बटणावरच होता.

भूमिया बोलला. गुरुजी माझ्या कानाशी म्हणाले, "विचारतात, इतके दिवस खोटं का सांगितलंस?"

सन्नूने मायकडे पाहिलं नाही. खाली बघून काहीतरी बोलला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

गुरुजींनी आधी मायकडे पाहिलं. "म्हणतो, माझी माय समोर बसलेली असायची."

भूमियाने कमरेची तंबाखू काढली, मळली, पण तोंडात टाकली नाही. तशीच मुठीत धरून बसला. बाहेर कोंबडी ओरडत होती. बंडूभाऊ माझ्यामागे उभे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मग भूमियाने दोन वाक्यं बोलून हात झटकला. गुरुजी उठून चपला शोधायला लागले.

"काय झालं, गुरुजी? काय म्हणाले?"

"मला म्हणाले, गुरुजी, तुम्ही आता घरी जा." गुरुजींनी एक चप्पल घातली. "आणि सन्नूला म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून लाव, आणि तू सांगायचास तशी सांग."