थर नसतानाही उठलेली रेघ

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मी रोज धायरीहून बसने प्रयोगशाळेत यायचे आणि एका उथळ ट्रेमध्ये पाणी भरायचे. त्यावर स्निग्ध पदार्थाच्या द्रावणाचा एक थेंब सोडला की तो पसरून जेमतेम एका रेणूइतका जाड थर तयार व्हायचा. खालच्या पाण्यात रंगीत औषध मिसळायचं. औषधाचे रेणू थराला चिकटले की वरून टाकलेला प्रकाश जास्त परावर्तित होतो आणि पडद्यावरची रेघ वर उठते. पाण्यात नुसते फिरणारे रेणू जवळजवळ दिसतच नाहीत.

दोन वर्षं रेघ सपाट होती. एका आठवड्यात ती अचानक उठली. माझ्या मार्गदर्शक मॅडम कौतुक फारसं करत नसत. "चला, काहीतरी चिकटलं एकदाचं," एवढं म्हणून त्या परिषदेसाठी सारांश लिहायला बसल्या.

मला मात्र त्या रेघेवर विश्वास बसेना. ट्रे धुवायचं द्रावण संपलं म्हणून त्याच आठवड्यात मी तो भांड्यांच्या साबणाने धुतला होता. पुष्कळदा विसळला होता. पण साबणाचाही पाण्यावर थर बसतो, हे मला माहीत नव्हतं असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

शनिवारी लॅबमध्ये कोणी नसताना मी त्याच ट्रेमध्ये पाणी आणि औषध घेतलं. थेंब सोडलाच नाही. थर नाही, म्हणजे रेघ सपाट हवी. टेबल हलू नये म्हणून मी लांब जाऊन उभी राहिले. दहा मिनिटांत रेघ वर गेली.

सोमवारी मी मॅडमना सगळं सांगितलं.

"सारांश कालच पाठवला," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून विचारलं, "साबण कसला होता?"

"लिंबाचा."

"वा. म्हणजे सुवासिक शोध."

मला रडू आलं. त्यांनी माझ्यासमोरच सारांश मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. त्यात माझा उल्लेख नव्हता. 'आमच्याकडून चूक झाली' असं होतं.

पुढे नव्या ट्रेमध्ये, आधी थराशिवाय चारदा मोजून, मग थरासह मोजलं. रेघ उठली, पूर्वीच्या निम्मीसुद्धा नाही, पण उठली. मॅडमनी आलेख बराच वेळ पाहिला.

"पुन्हा कर."

मी केलं. तसंच आलं. तरी नवा सारांश पाठवला त्या दिवशी सकाळी लवकर येऊन मी थराशिवाय आणखी एकदा मोजलं.