तीनशे लग्नांची डावी कड

नागभीडच्या हरिदास खोब्रागड्यांकडे लोक जुन्या लग्नांचे व्हिडिओ पाहायला येत, पण नवरा-नवरीसाठी कोणी येत नसे. नवरा-नवरीनं एव्हाना एकमेकांना पुरेसं पाहून घेतलेलं असे. लोक येत ते मेलेल्यांसाठी. कोणाकडे पुण्यानुमोदन असलं की आधी, कोणाची तेरवी उरकली की नंतर, दारात मोटरसायकल थांबायची.

"भाऊ, दोन हजार चारच्या लग्नात आमचा बाबा पंगतीत वाढून राह्यला होता. तेवढा दाखवता का?"

"भात का वरण?" हरिदासभाऊ विचारत. भातवाले मांडवाच्या एका अंगानं येत, वरणवाले दुसऱ्या. शोधायला तेवढंच पुरे होई.

चोवीस वर्षांत त्यांनी तीनशे बारा लग्नं काढली. बौद्धांचे मंगल परिणय, कुणब्यांची, तेल्यांची, गोंडांची. कॅमेरा त्यांच्या उजव्या खांद्यावर, लाईट बायकोच्या हातात. सुरुवातीच्या दोन-तीन लग्नांना लाईटसाठी माणूस ठेवला होता. तो पंगत बसली की जेवायला बसायचा आणि नवरदेव अंधारात जेवायचा. मग बायनाबाई आल्या. खांद्यावरच्या कॅमेऱ्यामुळे हरिदासभाऊंना उजवीकडचं दिसत नसे, म्हणून त्या कायम डावीकडे उभ्या राहात. नवरीच्या डोळ्यांखाली सावली पडू नये म्हणून नकळत पुढे सरकत, आणि त्यांचा हात चित्रात येई.

"बायना, हात."

नवऱ्यानं बायकोशी चारचौघांत काय बोलावं याबद्दल त्यांची काही ठाम मतं नव्हती. चोवीस वर्षं हे दोन शब्द भागले. कधी नुसता हात येई, कधी खांदा, कधी पदर. पूर्ण चेहरा कधीच नाही, कारण लाईटच्या दिशेनं कॅमेरा वळवला की चित्र पांढरं होतं, आणि तो न वळवणं हा धंद्याचा पहिला नियम.

धंदा मोबाईलवाल्यांनी खाल्ला. कॅसेटींना बुरशी धरायला लागली. लॉकडाऊनमध्ये दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून हरिदासभाऊंनी सगळी लग्नं हार्डडिस्कवर उतरवली आणि कॅसेटी भंगारात दिल्या. मुलगी संघप्रिया नागपूरला एका कंपनीत संगणकांचं काम बघते. तिनं ऑफिसातून निघालेला एक जुना संगणक आणून दिला आणि त्याचा घरचा सर्व्हर करून दिला. आता कोणतंही लग्न टीव्हीवर लागायचं, बाहेरगावच्या नातेवाइकाला मोबाईलवरही दिसायचं.

दिसायचं म्हणजे अडखळत. फाईली जुन्या घडणीच्या आणि जड. मोबाईलला त्या तशाच्या तशा चालत नसत, म्हणून संगणकाला प्रत्येक चित्र जागच्या जागी नव्या घडणीत बदलून पुढे पाठवावं लागे. त्याचा पंखा ओरडायला लागायचा आणि वरण वाढणारा बाप डाव हवेत धरून थांबायचा. मंडळी रडणं थांबवून हरिदासभाऊंकडे पाहायची.

"बाबा, त्याच्या प्रोसेसरातच ग्राफिक्सची चिप आहे," संघप्रिया फोनवर म्हणाली. "हे बदलायचं काम तिचंच आहे. आपण तिले कामच देल्लं नाई."

म्हणजे पगारी माणूस खुर्चीवर रिकामा आणि सगळी फाईल एकट्या कारकुनावर. ही रचना हरिदासभाऊंना लगेच समजली. तहसील कार्यालयात त्यांनी ती पाहिली होती. तीन दिवस ते मुलीनं पाठवलेल्या सूचना वहीत उतरवून एकेक करत गेले. संगणक सुरू होतानाच्या निळ्या पडद्यावर जाऊन चिप जागी केली. तिचं सॉफ्टवेअर टाकलं. तरी चालेना. शेवटी कळलं की चिप वापरायची मुभा ज्यांना आहे त्यांची एक यादी असते आणि सर्व्हरचं नाव त्या यादीतच नाही. यादीत नाव नसणं म्हणजे काय, हे हरिदासभाऊंना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी नाव घातलं, सेटिंगमध्ये त्या चिपवर खूण केली, संगणक बंद करून सुरू केला.

पंखा गप्प झाला. वरण वाढणारा बाप शेवटच्या पानापर्यंत न थांबता गेला.

मग त्यांना वाटलं, मागेल तेव्हा बदलत बसण्यापेक्षा सगळी लग्नं एकदाच कायमची बदलून ठेवावी. जुन्या चालीनं दिवसाला एक लग्न झालं असतं. चिपच्या जोरावर दिवसाला पन्नास होणार होती. डिस्का भरलेल्या होत्या, म्हणून नवी फाईल झाली की जुनी पुसायची, असं त्यांनी ठरवून दिलं. जुन्या टेपच्या कडेला खरखर असते, तीही कापायला सांगितली. आणि डावीकडून थोडं जास्त.

बायनाबाई शेजारी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी पडद्याकडे मान वळवली.

"हात गेला का?"

"गेला."

"बरं झालं. चोवीस वर्ष बोलणे खाल्ले मी त्या हातापायी."

आठवड्याभरात तीनशे बारा लग्नं स्वच्छ झाली. हरिदासभाऊंनी मुलीला फोन करून वेग सांगितला. तिनंही कौतुक केलं.

चार महिन्यांनी, फेब्रुवारीत, बायनाबाईंच्या छातीत दुखायला लागलं. गाडी ब्रह्मपुरीला पोहोचायच्या आधी त्या गेल्या.

पुण्यानुमोदन झालं, पाहुणे पांगले, आणि संघप्रिया म्हणाली, "बाबा, आईचा हलता-चालता एक व्हिडिओ द्या. पोरगी मोठी झाल्यावर काय दाखवू तिले?" तिची मुलगी आठ महिन्यांची होती. फोटो होते, चार. त्यातला एक आधार कार्डावरचा. व्हिडिओ कॉल रोज व्हायचा, पण रोजचा कॉल कोण जपून ठेवतो. आणि कोणी फोन समोर धरला की बायनाबाई बाजूला सरकत. चोवीस वर्षांची सवय.

"तीनशे लग्नं आहेत," हरिदासभाऊ म्हणाले. "सापडते."

चौथ्या लग्नाशी त्यांच्या लक्षात आलं. तरी त्यांनी तीनशे बाराही पाहिली, दोन महिने लागले. चित्र कुठं अडखळलं नाही. लोकांचे बाप, आज्या, मावश्या सुरळीत चालत होत्या. डावी कड सगळीकडे साफ होती. आवाज तरी असेल म्हटलं, तर प्रत्येक लग्नावर त्यांनीच सिनेमाची गाणी चढवली होती, गिऱ्हाइकाच्या आवडीची. त्यांनी हिशेब करून पाहिला: चिपला काम दिलं नसतं, तर बायको गेली त्या दिवशी एकशे नव्वद लग्नं जुन्या रूपात शाबूत असती. हा हिशेब त्यांनी मुलीला सांगितला नाही. चिपची युक्ती तिची होती.

मग ते गिऱ्हाइकांच्या कॅसेटी शोधायला निघाले. राजुऱ्याच्या प्रफुल मास्तरांनी व्हीसीआरबरोबर कॅसेटही टाकून दिली होती. गावातल्याच चंदन बोरकरनं मात्र त्यांना आदरानं बसवून चहा दिला.

"तुमच्या कॅसेटीनं दोन हंगाम धान वाचवलं भाऊ. फीत काढून बांधावर ताणली. हवेनं असी फडफडे का पोपट जवळ येत नसे."

"चांगलं झालं," हरिदासभाऊ म्हणाले, आणि चहा संपवला.

बाकीच्यांकडेही असंच काहीबाही झालेलं. राहिलं एक घर. धानोऱ्याच्या पलीकडे, जंगलातल्या एका गावात, दोन हजार एकमध्ये त्यांनी इसरू नरोट्यांच्या मुलाचं, झाडूचं लग्न काढलं होतं. इसरू वनखात्यात मजूर. साहेबाकडच्या लग्नात व्हिडिओ पाहून त्यांनी मनावर घेतलं. गावात वीज नव्हती, जनरेटर बैलबंडीतून नेला. कॅसेट पोचती केली, पण ती लावायला त्या घरात काहीच नव्हतं. म्हणजे ती एकदाही लागली नसणार. आणि न लागलेली कॅसेट कोरड्या पेटीत टिकते. हरिदासभाऊ सकाळीच मोटरसायकलवर निघाले.

इसरू अंगणात मोहफुलं पसरत होते. बायको सोमारी सूप घेऊन बसली होती.

"ओळखलं का इसरूभाऊ?"

इसरूनं बराच वेळ पाहिलं. "नाई जी."

"झाडूच्या लग्नात व्हिडिओ काढला होता."

सोमारीनं मान वर केली. "लाईटवाल्या बाईचा घरवाला का तुमी?"

"हव."

"मंग सांगा ना तसं. तुमचं तोंड कुठी दिसलं आमाले. डब्बा होता तोंडावर."

पाणी झालं. हरिदासभाऊंनी कॅसेटचं विचारलं. इसरू मोहफुलं सारखी करत राहिले. सोमारीच म्हणाली, "ते झाडूपाशी आहे."

"झाडू कुठी राह्यते आता?"

इसरूनं हनुवटीनं गावाबाहेर दाखवलं. साजाच्या झाडांखाली मेलेल्यांच्या नावाचे दगड उभे होते. तीन वर्षांपूर्वी झाडू तापात गेला होता. ज्याच्या वस्तू त्याच्यापाशी ठेवायच्या, तशा ठेवल्या: खाट, ताट, रेडिओ, आणि कॅसेट.

"त्याच्या लग्नाची होती," इसरू म्हणाले. "आमी काय करतो ठेवून."

तीन पावसाळे होऊन गेले होते.  इतक्या लांब का आलो हे सांगायला हवं, म्हणून हरिदासभाऊंनी सांगितलं की ती लाईटवाली बाई गेली.

सोमारीनं सूप खाली ठेवलं.

"चांगली होती. माह्या सासूनं गोंडीत विचारलं, मी तिच्या कानात मराठीत सांगतलं, एवढा तापते तो दिवा, हात भाजत नाई का व? तं म्हणे, भाजते, पण नवरा वरडते. बुढी हसू हसू मेली. मंग तुमाले लय बोलली."

"मले? कवा?"

"तुमी तिच्याच समोर डब्बा धरून होते का नाई."

"मी समजलो, पोराले आशीर्वाद देऊन राह्यली. गोंडी मले समजत नाई."

"सिव्या देत होती तुमाले," सोमारी म्हणाली. इसरूही खाली मान घालून हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिदासभाऊंनी ते लग्न लावलं. विसाव्या मिनिटाला म्हातारी होती, दात नसलेली, गळ्यात पांढऱ्या मण्यांची माळ. ती डावीकडे, चित्राच्या बाहेर बघून काही विचारत होती. ऐकत होती. मग मान मागे टाकून हसत सुटली आणि वळून थेट कॅमेऱ्याकडे बोट नाचवायला लागली. वर सिनेमाचं गाणं चालू होतं. तेवढी चाळीस सेकंदं कापून त्यांनी संघप्रियाला पाठवली.

तिचा फोन आला. "बाबा, आई नाई याच्यात."

"नाई."

"मग काय पाहू?"

"म्हातारीकडे पाह्य. डाव्या अंगानं पाहून बोलून राह्यली ना, ते तुह्या आईसंगं."

मागे बाळाचं काहीतरी चाललं होतं.

"हसली कशाले?"

"विचारलं तिनं, हात भाजत नाई का म्हणून. तं तुही आई म्हणे, भाजते, पण नवरा वरडते."



"अन् मग बोट दाखवून काय म्हणते?"

"मले सिव्या."

"खरंच का?"

"सोमारीबाईनं सांगतलं."

पलीकडे बाळ रडायला लागलं, मग कोणीतरी उचलल्यासारखं थांबलं.

"थांबा बाबा," संघप्रिया म्हणाली, "पुन्हा लावते."